लाइव्ह रजिस्टरवरची माणसे

१९८३ साली संख्याशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालो. निकाल लागून आठवडा झाला नसेल तोच वडिलांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सेवायोजन कार्यालयात नेले. खिडकीपुढे दीड-दोन तास उभे राहिल्यावर एक कार्ड हाती पडले. 'एक्स-१०' हे त्याचे सरकारी नाव. त्यावर नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि नूतनीकरणाची तारीख. वडिलांनी ते घरी आणून आधी देवापुढे ठेवले आणि मग लोखंडी कपाटात विम्याच्या पॉलिसीशेजारी. पुढची तीन वर्षे दर दोन-चार महिन्यांनी मी त्या खिडकीशी जात असे. पलीकडचे गृहस्थ सज्जन होते. रजिस्टर उघडून बोट फिरवीत, माझ्या नावापाशी थांबत आणि म्हणत, "काळजी करू नका. तुमचं नाव लाइव्ह आहे."

हा 'लाइव्ह' शब्द त्यांच्या पदरचा नव्हता, खात्याचाच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामधंद्याला लावण्यासाठी १९४५ मध्ये ही कार्यालये निघाली. १९५६ मध्ये त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्याकडच्या रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणे सक्तीचे केले. कळवणे सक्तीचे, माणूस तिथूनच घेणे नव्हे. हा बारीक फरक माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कुणी सांगितला नाही. ज्याची नोंदणी मुदतीत आहे तो 'लाइव्ह रजिस्टर'वर. १९९० च्या दशकात देशभरच्या या रजिस्टरांवर साडेतीन कोटींहून अधिक नावे होती. त्यांत नोकरी लागूनही नाव न काढलेले होते, आणखी बऱ्या नोकरीच्या आशेने नाव राखून ठेवणारे होते, अजून शिकत असलेलेही होते. उलट, हेलपाटे घालून कंटाळलेला आणि नूतनीकरण चुकवलेला खराखुरा बेकार मात्र त्यांत नव्हता.

मला पुढे १९८६ मध्ये वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात नोकरी लागली. नोकरीला दहा महिने झाले, तेव्हा गावाकडून वडिलांनी एक पाकीट पाठवले. सेवायोजन कार्यालयाचे बोलावणे होते. मुलाखतीची तारीख पाकीट घरी पोचण्याच्या आदल्या दिवसाची.

हे सगळे आठवायचे कारण गेल्या पावसाळ्यात घडले. त्याच कारखान्यात माझ्या हाताखाली उमेदवारी केलेल्या एका बाईंची आता पुण्यात नोकरभरतीची एजन्सी आहे. पंचवीस-तीस माणसे कामाला. दिवसा चाकण-रांजणगावच्या कारखान्यांसाठी फिटर, वेल्डर, सुपरवायझर, अकाउंटंट शोधायचे आणि रात्री अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी तिथलीच माणसे इथून फोनवर हुडकायची, असा दुहेरी धंदा. त्यांचा फोन आला. "सर, एकदा येऊन बघा. आमच्याकडे आता सगळं लाइव्ह झालंय. आकडे छान दिसतात, पण गिऱ्हाईक नाराज आहे. आणि मुलं माझ्यावर रुसलीयत."

गेलो. दर्शनी भिंतीवर दारएवढा पडदा. त्यावर रंगीत स्तंभ, गोल, बाण. कोपऱ्यात 'लाइव्ह' हा शब्द आणि त्याच्याशेजारी लुकलुकणारा हिरवा ठिपका. चाळीस वर्षांनी तो शब्द मला पुन्हा भेटला, तोही भिंतीवर. मी नकळत खिडकी शोधू लागलो.

ज्यांचा या व्यवहाराशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अशा एजन्सीत 'सीआरएम' नावाची संगणकावरची वही असते. मूळची ही वही विक्रेत्यांची: कोणत्या गिऱ्हाइकाशी काय बोलणे झाले, पुन्हा फोन कधी करायचा, हे लिहून ठेवण्याची. नोकरभरतीवाल्यांनी ती उचलली, कारण त्यांना दोन्हीकडची गिऱ्हाइके सांभाळायची असतात. आपल्याकडच्या वधूवर सूचक मंडळाचे कपाट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चटकन कळेल. एका बाजूला उमेदवारांची कार्डे, दुसऱ्या बाजूला जागांची, आणि कोणते कार्ड कोणत्या कार्डाला दाखवले, पुढे काय झाले, याचा मधला धागा. फरक इतकाच, की इथे पत्रिकेऐवजी बायोडाटा जुळवतात.

दुसरीकडे संख्याशास्त्राची आज्ञावली. हे माझे माहेर. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तिघा तरुणांनी समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी एसपीएसएस रचले. १९७६ मध्ये सॅस ही कंपनी उभी राहिली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 'आर' ही भाषा घडवली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी बाहेर पडली. ती फुकट मिळते, आणि मी निवृत्तीनंतर नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर तीच वापरतो. पूर्वी या दोन जगांत शनिवारचा दिवस असे. शनिवारी वहीतली माहिती उतरवून घ्यायची, रविवारी कुणीतरी ती निवडायची, तांदळातले खडे काढावेत तशी, आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर कागद. आता वहीला एक खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. आज्ञावली त्या खिडकीशी जाऊन नवे काय ते मागते आणि चित्र आपोआप बदलते. तरी 'लाइव्ह'चा अर्थ दर क्षणाला असा क्वचितच असतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयच्या साध्या परवान्यात साठवलेली माहिती ठरल्या वेळी जास्तीत जास्त दिवसातून आठदा ताजी होते. बाईंच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका मात्र अखंड लुकलुकत होता. तो चित्राचा भाग होता; त्याचा माहितीशी काही संबंध नव्हता.

खिडक्या जोडून देणाऱ्या मुलाने आपले काम चोख केले होते. जोडणी ही यातली सोपी बाजू. जी निवडानिवड रविवारी होत असे, ती आता कुणीच करत नव्हते, आणि इथेच घोडे पेंड खात होते.

पहिल्या दिवशीच एक गोष्ट लक्षात आली. ही वही पेन्सिलने लिहिलेली होती. म्हणजे असे, की उमेदवार 'अर्ज आला' या अवस्थेतून 'मुलाखत' या अवस्थेत गेला की पहिला शब्द पुसून त्या जागी दुसरा येई. फोन करणाऱ्या मुलीला तेवढेच हवे असते. आज याचे काय आहे आणि आता कुणाला फोन लावायचा. संख्याशास्त्राला मात्र काल काय होते तेही लागते. माणूस मुलाखतीपर्यंत पोचला, मग मागे आला, मग दुसऱ्या जागेसाठी पुढे गेला, हा सगळा प्रवास तारखांसकट हवा. अशा वह्यांमध्ये इतिहास राखण्याची सोय बहुधा असते, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. बाईंकडे ती दोन वर्षे बंदच होती. दोन वर्षांच्या वाटचालीतले मधले टप्पे गेले ते गेले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

रुसलेल्या रात्रपाळीच्या मुलांचे गाऱ्हाणे तासाभरात सापडले. वही परदेशातल्या संगणकावर, तिथले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचे. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत या मुलांनी केलेले काम आदल्या दिवसाच्या तारखेने पडे. एरवी एका दिवसाने काय बिघडते? पण महिनाअखेरीला रात्री बाराच्या ठोक्याला अहवाल बंद होई. त्यानंतरच्या साडेपाच तासांतले काम मागच्या महिन्याच्या खात्यावर जाई, आणि मागचा महिना तर मिटलेला. दर महिन्याची एक रात्र कुणाच्याच हिशेबात नव्हती. मुले सांगत होती की आमचे काम कमी दिसते. त्यांना पडद्याकडे बोट दाखवले जात होते. पडदा खोटे कसे बोलेल?

गिऱ्हाइकाची नाराजी समजायला अधिक वेळ लागला, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच. पडद्यावर मधोमध ठळक आकडा होता: एक जागा भरायला सरासरी २० दिवस. बाईंना त्याचा अभिमान होता. मी विचारले, ही सरासरी कशाची? उत्तर आले, अर्थात भरलेल्या जागांची. न भरलेल्या जागेला किती दिवस लागले ते कसे सांगणार?

सोपे आकडे घेऊन सांगतो. समजा दहा जागा आल्या. सहा भरल्या, त्यांना १२, १५, १८, २०, २५ आणि ३० दिवस लागले. बेरीज १२०, सरासरी २०. उरलेल्या चार जागा अजून रिकाम्या आहेत आणि त्यांना आजपर्यंत ४५, ६०, ७० आणि ९० दिवस झालेत. पडद्यावर त्यांचा पत्ताच नाही, कारण त्या संपलेल्या नाहीत. आता एखाद्या चिकाटीच्या मुलीने ती ९० दिवसांची अवघड जागा भरली. काय होईल? बेरीज २१०, भागिले सात. सरासरी २० वरून एकदम ३०. सगळ्यांत कठीण काम ज्या दिवशी फत्ते झाले, त्याच दिवशी पडदा लाल होणार! मुले काही मूर्ख नसतात. महिन्याभरात त्यांना हे कळले आणि त्यांनी जुन्या जागांना हात लावणे सोडून दिले. ताज्या, सोप्या जागा भरायच्या. आकडा वीसच्या खाली राहतो. चाकणचा कारखानदार ज्या टूलरूमच्या माणसासाठी तीन महिने खोळंबला होता, त्याच्या जागेला कुणी विचारीना. तो नाराज होणार नाही तर काय?

या कोड्याचे उत्तर संख्याशास्त्रात फार पूर्वीपासून आहे. वैद्यकात रुग्ण किती काळ जगतो हे मोजताना अभ्यास संपेपर्यंत काही रुग्ण सुदैवाने हयात असतात. त्यांना गाळून सरासरी काढली तर रोग आहे त्यापेक्षा भयंकर ठरेल. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये अशा 'अजून न संपलेल्या' नोंदींनाही हिशेबात धरण्याची रीत मांडली. वरच्या दहा जागांना ती लावली, तर असे दिसते की निम्म्या जागा भरायला २५ दिवस लागले आणि तिसाव्या दिवसानंतरही दहापैकी चार रिकाम्याच होत्या. हे चित्र वीसच्या आकड्याइतके गोंडस नाही. पण नव्वद दिवसांची जागा भरल्यावर ते बिघडत नाही, आणि गिऱ्हाइकाला जे दुखत असते ते त्यात दिसते. 'आर'मध्ये या रीतीला दोन ओळी पुरतात. मी त्या लिहून दिल्या. बाई बराच वेळ त्या उतरत्या पायऱ्यांच्या रेषेकडे पाहत बसल्या. म्हणाल्या, "सर, ही रेषा खाली टेकतच नाही."

तो 'भरली' शब्दही सरळ नव्हता. मी तिघांना विचारले, जागा भरली असे कधी म्हणता? एक म्हणाला, उमेदवाराच्या हाती ऑफर लेटर पडले की. दुसरी म्हणाली, तो कामावर हजर झाला की. हिशेब पाहणारे गृहस्थ म्हणाले, तीन महिने टिकला आणि बिल वसूल झाले की. तिघेही एकाच रकान्यात बरोबरची खूण करत होते. आपल्या देशाने हा धडा एकदा फार मोठ्या पातळीवर घेतला आहे. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्ये सरकारला बजावले, की शेती आणि स्वयंरोजगाराच्या या देशात बेकारी एकाच आकड्यात मांडता येणार नाही. १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून मग माणसाची वर्षभराची स्थिती, आठवड्याची आणि रोजची, अशी तीन मापे आली. एका आकड्याचा मोह सोडायला नियोजन आयोगाला इतकी वर्षे लागली. पुण्यातल्या एका एजन्सीला दोन दुपारी लागल्या, हे काही वाईट नाही.

रोजच्या रोज आकडा पाहण्याबद्दलही माझे मत आता पक्के झाले आहे, आणि ते जुनाट वाटेल. दिवसाला चार-पाच माणसे लागतात अशा ठिकाणी आज सहा, उद्या तीन हे होणारच, नाणेफेकीतही होते. पण पडद्यावर सहाचे तीन झाले की बाण खाली, रंग लाल आणि बाई केबिनमधून बाहेर. दुसऱ्या दिवशी आपोआप पाच होतात आणि बाईंना वाटते, आपण रागावलो म्हणून झाले. अमेरिकेतल्या टेलिफोनच्या कारखान्यांसाठी काम करताना वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये एक साधा तक्ता काढला: वर एक रेघ, खाली एक रेघ, आकडा त्यांच्या आत हेलकावत असेल तर यंत्राला हात लावू नका, बाहेर गेला तरच कारण शोधा. महालनोबिसांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये आपल्याकडे येऊनही गेले. त्या दोन रेघा आपल्या कारखान्यांत पोचल्या, कचेऱ्यांत नाही. मी बाईंच्या पडद्यावर त्या काढल्या, तर गेल्या सहा महिन्यांतले केवळ दोन दिवस रेघांबाहेर होते. त्यांतला एक गणेश विसर्जनाचा निघाला.

नावांचा घोळ तर आपल्या घराघरातला आहे. रोमन लिपीत 'क्षीरसागर' हे आडनाव चार तऱ्हांनी लिहिता येते, आणि संगणकाला ते चार लोक वाटतात. त्याहून बिकट गोष्ट बायकांची. पदवी माहेरच्या नावावर, अर्ज सासरच्या. काहींचे तर पहिले नावही लग्नात बदललेले. मोबाइल नंबर आधी वडिलांचा, मग नवऱ्याचा, मग स्वतःचा. दोन कार्डे तयार होतात. एका कार्डावर सात-आठ वर्षांचा अनुभव, तोही जुना म्हणून कुणी पाहत नाही. दुसऱ्यावर अलीकडचा अर्ज आणि अनुभव शून्य. आज्ञावली दुसऱ्या कार्डाला गुण देते आणि बाई यादीच्या तळाशी जाते. कुणी मुद्दाम काही केलेले नसते. जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या यंत्राचे असेच होते. ॲमेझॉनने २०१४ पासून बायोडाटा पारखणारी एक प्रायोगिक व्यवस्था तयार केली होती. ती स्त्रियांना मागे टाकते असे आढळल्याने कंपनीने ती सोडून दिल्याचे वृत्त रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिले. यंत्राला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज वाचायला दिले होते आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून अशा स्वयंचलित निवडीची वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्याचा रोख माहिती जपण्यावर आणि काम संपल्यावर पुसण्यावर आहे. निवड कशी झाली हे विचारण्याची सोय त्यात नाही.

(जाता जाता: त्या भिंतीवरच्या पडद्यावर आधी उमेदवारांची नावे, वय आणि मागितलेला पगारही झळकत होता. चहावाला मुलगा वाचत उभा राहायचा. संख्याशास्त्राला नाव लागत नाही, क्रमांक पुरतो. ते मी पहिल्या तासातच काढायला लावले.)

हे सर्व दुरुस्त होण्यासारखे होते आणि बरेचसे झाले. एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि ती मी शोधत नव्हतो. नोंदी जुळवताना मला 'विचाराधीन' असा एक शेरा पुन्हापुन्हा दिसू लागला. जागा भरते, तेव्हा लागलेल्या माणसाचा धागा बंद होतो. त्याच जागेसाठी बोलावलेल्या इतर वीस-पंचवीस जणांचे काय? त्यांचा धागा तोडायला कुणी बसत नाही. त्यात ना बिल, ना कमिशन. ते विचाराधीनच राहतात. मी सहज एक प्रश्न आज्ञावलीला टाकला: ज्या जागा भरून किंवा रद्द होऊन गेल्या आहेत, अशा जागांसाठी अजून 'विचाराधीन' असलेले उमेदवार किती? आकडा आला तेव्हा खोलीत कुणी बोलले नाही. चार आकडी होता. एकच माणूस अनेक जागांसाठी मोजला गेला असेल म्हणून मी माणसे वेगळी करून पुन्हा मोजले. तरीही चार आकडीच. निम्म्याहून अधिक जण चार महिन्यांच्या मागचे. त्यांतले कितीजण रोज संध्याकाळी फोन चाळून पाहत असतील, आणि घरात कुणीतरी विचारत असेल, "काही कळलं का रे?"

सगळे लाइव्ह होते.

बाईंनी विचारलेला प्रश्न रोखठोक होता आणि मी तो टाळणार नाही. "सर, 'नाही' सांगायला मला पैसे कोण देतं? आणि कंपनीच आम्हाला कळवत नाही, तर आम्ही काय सांगणार?" दुसरा भाग खरा आहे. कारखाने एजन्सीकडे पंचवीस माणसे मागतात, एक घेतात आणि बाकीच्यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. एजन्सीच्या माथी सगळा दोष मारणे म्हणजे पोस्टमनला पत्र का आले नाही म्हणून दरडावण्यासारखे आहे. पहिला भाग मात्र मला पटत नाही. ज्या जोडणीने दिवसातून आठदा सरासरी मोजता येते, त्याच जोडणीने जागा बंद होताच उरलेल्यांना दोन ओळींचा निरोप पाठवता येतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. वहीत एक रकाना वाढवावा लागतो, 'उत्तर दिल्याची तारीख', आणि तो पडद्यावर आणावा लागतो. आज पडद्यावर जे आहे ते मालकाने मागितले म्हणून आहे. उमेदवाराने काही मागायची सोय नाही, म्हणून तो पडद्यावर नाही. त्याने काही मागितलेही असते असे नाही म्हणा. मी तीन वर्षांत त्या खिडकीशी 'नाही तर नाही म्हणा' असे एकदाही म्हणालो नव्हतो. धीर झाला नाही.

म्हणून माझे म्हणणे एजन्सीच्या मालकांपेक्षा कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. तुम्ही एजन्सीकडून दर महिन्याला जागा किती दिवसांत भरल्या याचा तक्ता घेता. त्याच कागदावर आणखी दोन आकडे मागा: अजून न भरलेल्या जागांचे वय, आणि उत्तर न मिळालेल्या उमेदवारांची संख्या. दुसरा आकडा मागितलात की तो बराचसा तुमच्याच दारी येऊन थांबेल, हेही आताच सांगून ठेवतो. १९५९ च्या कायद्याने रिकामी जागा कळवणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. ती भरल्याचे, ज्यांना ताटकळत ठेवले त्यांना कळवणे हे कर्तव्य कुठेतरी लिहिले जावे, असे मला वाटते. तोवर निदान मोजले तरी जावे.

बाईंनी ऐकले, अर्धे तरी. पडद्यावरची ठळक सरासरी काढली आणि तिथे ती पायऱ्यांची रेषा आली. ताजी भर आठ वेळांवरून दोन वेळांवर आली. आठवड्याचा तक्ता सोमवारी सकाळी सगळ्यांनी मिळून बघायचा असे ठरले. हिरवा ठिपका मात्र त्यांनी ठेवलाय. गिऱ्हाइकांना आवडतो म्हणे. निरोप पाठवण्याची व्यवस्था बसवायला महिना लागणार होता, तेव्हा तोपर्यंतच्या यादीतले रोज दहा फोन त्या स्वतः करू लागल्या.

एका शनिवारी मी तिथे होतो. यादीत एक अकाउंटंट बाई होत्या. त्याच दोन कार्डांपैकी, आता एक झालेल्या. ज्या जागेसाठी त्या मुलाखतीला आल्या होत्या, ती सात महिन्यांपूर्वीच भरली होती. फोन स्पीकरवर होता. आमच्या बाईंनी सांगितले, त्या जागेचे जमले नाही, कळवायला उशीर झाला, माफ करा. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग थोडा वेळ काहीच नाही.

"जमणार नाही ते माझ्या केव्हाच लक्षात आलं होतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण फोन केलात. एक विचारू का? माझं नाव तुमच्याकडे अजून आहे ना?"

आमच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी रकान्याकडे बोट दाखवले. तिथे आधी आजची तारीख घालायची होती.